आप्पा अजून आत आहेत

रुद्रेशने सोमवारी दुपारी आप्पांना दूध संघाच्या सर्व्हरवरून बाहेर काढलं आणि मशीन पुन्हा पळू लागलं. असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून चालू.

तर अठ्ठ्याण्णव साली अंबाजोगाईच्या एका दूध संघातला सर्व्हर दिवाळीपासून मंदावत चालला होता. आधी घोडा होता, मग म्हैस झाला, आता म्हैस बसली होती. वजनाची नोंद मशीनवर चढल्याशिवाय दूध आत घ्यायचं नाही असा नियम. त्यामुळे घाटनांदूरचे कॅन उन्हात रांगेत उभे. एकदा बंद करून चालू करा म्हटलं, की सगळे कारकून एका सुरात नाही म्हणायचे. लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत बंकट कारकून जनरेटरकडे धावायचा. स्वतःच्या लग्नातही तो एवढा धावला नव्हता.

मशीन बसवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीला रुद्रेशला पाठवलं. त्याचे वडील, मल्लिनाथआप्पा, याच संघात कारकून होते. दिवाळीत छातीत कळ आली म्हणून काम अर्धवट टाकून दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. रुद्रेशला तेव्हा रडू आलं नव्हतं. नंतर येईल म्हणाले होते सगळे. तो वाट बघत होता.

त्याने एकेक कनेक्शन किती मेमरी खातं ते बघायला घेतलं. माणूस मशीनला काही विचारतो, मशीन त्यासाठी थोडी जागा अडवतं. माणूस बाहेर पडला की सगळी जागा सुटते. बाकीच्यांची संध्याकाळी सुटत होती. एक कनेक्शन मात्र नुसतं फुगत होतं. त्याने नाव काढलं. मल्लिनाथ. त्याने ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

"बंकटकाका, आप्पा अजून आत हायेत."

"हायेत की. आमीच ठेवलेत."

"कावून?"

"ज्याचं नाव मशीनवर चालू न्हाई त्याची जागा रद्द, असं मॅनेजरसाहेबांनी काढलंय. आन् शिवानीचा अर्ज आप्पाच्याच जागेवर हाय ना? तो मंजूर होईस्तवर जागा कोण धरंल? एसटीत रुमाल टाकतो, तसं."

"रुमाल लई फुगलाय, काका."

"फुगू दे बे. येता-जाता जो तो आप्पाच्या मशीनवर एखादा हिशोब इचारतो. मशीनला वाटतं माणूस हाय."

"मग रोज संध्याकाळी बाहेर काढा, सकाळी परत आत घ्या."

"पासवर्ड तुझ्या बापाला ठावं. जा, इचारून ये."

नवा पासवर्ड मिळायचा तो कर्मचाऱ्याने मॅनेजरसमोर स्वतः येऊन सही केल्यावरच. आणि आप्पांना लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून पुरलं होतं. म्हणजे आप्पा दोन ठिकाणी बसलेले होते आणि दोन्हीकडून उठायची चिन्हं नव्हती. इकडे रुद्रेशच्या धाकट्या बहिणीने, शिवानीने, या जागेच्या भरवशावर नेकनूरच्या शाळेतली नोकरी नाकारली होती.

बाहेर रांगेतून, कॅन घेऊन सकाळपासून उभी असलेली छबुबाई ओरडली नाही, नुसती म्हणाली, "आता दह्याचाच भाव सांगा."

खिडकीतून आंबूस वास आला. मग रुद्रेशने ते केलं, जे पहिल्या ओळीत झालेलं नाही. आकडा धाडकन खाली आला. रांग हलली. त्याला काही वाटलं नाही. बंकटने आप्पांची खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी यादीत आप्पांचं नाव नव्हतं. जागा रद्द. रुद्रेशने संघातच बसून, सरळ अक्षरात अर्ज लिहिला:

"मा. व्यवस्थापकसाहेब यांचे सेवेशी. विनंतीपूर्वक अर्ज करतो की, लिंगैक्य मल्लिनाथ यांना नवीन पासवर्डकामी समक्ष सही करणे आवश्यक असल्याने, त्यांना त्यांच्या सध्याच्या ठिकाणाहून एक दिवसाची किरकोळ रजा मिळवून देण्यात यावी. प्रवासभत्त्याची मागणी नाही. काम होताच ते संध्याकाळी स्वतःहून बाहेर पडतील, याची हमी मी देतो."