दोन निळे टब

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटला त्या आठवड्यात दिवसाआड अर्धा तास पाणी येत होतं. म्हणून बाथरूममध्ये मी दोन टब ठेवले होते. दोन्ही निळे, कारण दुकानात जोडीवर एक मग फुकट होता. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात वॉशिंग मशीनमधून कपडे खंगाळून निघालेलं, संडासात ओतायला. चिठ्ठी वगैरे लावली नव्हती. एक नितळ, एक गढूळ. डोळे असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

नितळ टबावर माझा पहारा असे. माझी लेक कृतिका नऊ महिन्यांची, पावडरचं दूध पिणारी. पिण्याच्या पाण्याचा जारवाला फिरकत नव्हता, म्हणून तेच पाणी गाळून, उकळून तिला देत होते. माझ्यासाठी माझा नवरा सुजय ऑफिसातून बाटल्या भरून आणायचा. "हे पाणी कृतिकाचं आहे, कुणीही हात लावायचा नाही," असं मी इतक्यांदा बजावलं होतं की सुजय बिचारा ऑफिसच्या जिममध्येच आंघोळ उरकत होता.

माझे सासरे तात्याराव, आमचे बाबा, दहा दिवसांपूर्वी बीडहून आले होते. बोलणं कमी, मागणं त्याहून कमी. तीन दिवसांपासून मात्र सारखे संडासात, आणि दर खेपेला बादलीभर पाणी. कडीचा आवाज आला की माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि ती मी लपवतही नव्हते.

त्या सकाळी कृतिकाने बाटली संपवली आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर हसू होतं.

"वैभवी, अगं टब बघितलास का? काल संध्याकाळी तुरटी फिरवली. कसं आरशासारखं झालंय पाणी!"

कोणता टब? कृतिकाला कडेवर घेऊन मी बाथरूमकडे धावले. दोन्ही टब नितळ. दोन्हींचा तळ दिसत होता. सकाळी झोपेच्या डोळ्यांनी मी पातेलं नेमकं कशात बुडवलं होतं? डावीकडे? उजवीकडे? काही म्हणजे काही आठवेना.

दोन टबांतून दोन पेले भरले, तळहाताने झाकून जोरात हलवले. एक शांत राहिला. दुसऱ्यावर फेस आला. तुरटीने गाळ बसतो, साबण जात नाही.

सकाळच्या पातेल्यात तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ते आणून एका स्वच्छ बाटलीत ओतलं, बूच लावलं, पण हलवायचा धीर होईना. कृतिका माझे केस ओढून हसत होती. तिला काय कळतंय! शेवटी डोळे मिटून बाटली हलवली आणि डोळे उघडले.

फेस नव्हता. पुन्हा हलवली. नव्हता.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले. मग राग आला.

"विचारायचं तरी होतं, बाबा! ते मशीनचं पाणी आहे, कपड्यांचं. संडासात ओतायचं!"

"कपड्यांचं?" त्यांचा चेहरा उतरला. "पोरीच्या पाण्याला मी हात लावला नाही हं. तू सांगितलं होतंस ना. मी त्या दुसऱ्यातलंच घ्यायचो, तांब्यात तुरटी फिरवून. रोज रोज काय तेवढ्यासाठी, म्हणून काल सगळ्या टबातच फिरवली. साबणाचा वास यायचा जरा. म्हटलं, दिल्लीचं पाणी असंच असेल."

"घ्यायचो म्हणजे? कशाला?"

"प्यायला."

तीन दिवस. आणि तीन दिवस मी आठ्या घालत होते. मला माझीच लाज वाटली.

"फ्रिजमध्ये बाटल्या होत्या की, बाबा."

"त्या तुझ्या ना," ते म्हणाले. मी फोन शोधायला उठले, डॉक्टरांना विचारायला हवं होतं. बाबा पोटावर हात दाबून अजून दारातच उभे होते.

"वैभवी," ते अगदी हळू म्हणाले, "मला परत जायला लागतंय. एक बादली घेऊ का?"