दादाचं ग्रीस

मित्रांनो, गळाच्या काठीला मूठ असते ना, तिच्या जरा पुढे आडवं बसणारं एक जुनं रीळ मी आहे. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ वेगळं. त्याच्याशी माझी गल्लत केलेली मला खपत नाही. आज रविवार आहे. उद्या सोमवार, म्हणजे माझ्या मालकाचं केस कापायचं दुकान बंद आणि आम्ही दोघं तलावाच्या बांधावर. मी आतून पार चिकटून गेलो आहे आणि त्याला हे माहीत नाही. म्हणून माझी हकीकत मी आज जरा घाईत सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात ओतलेलं धातूचं शरीर, पितळेची दातेरी चाकं, पोलादी बेअरिंगं आणि मधोमध दोरी गुंडाळायची फिरकी, असं मला जोडलं गेलं. हँडलच्या शेजारी मला पाच टोकांची एक चांदणी आहे. दिसायला ती दागिन्यासारखी असली तरी तो माझा ब्रेक आहे. ती आवळली की माझ्या पोटातल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. एक चकती पोलादाची, एक नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, अशा एकाआड एक त्या बसवलेल्या आहेत. गळाला लागलेला मोठा मासा जोरात पळाला की या चकत्यांनी घसरायचं आणि दोरी थोडीथोडी सोडायची. तसं झालं तर दोरी तुटत नाही आणि काठी धरणारा माणूसही ओढला जात नाही. दोरी ओढून घेणं कुणालाही दिसतं आणि त्याचं कौतुक होतं. वेळेवर सोडून देणं हे माझं खरं काम आहे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला विकत घेतलं ते एका घड्याळजीने. दोन भावांमधला तो थोरला. अबोल, काटेकोर, डोळ्याला भिंग लावून बसणारा. वर्षातून एकदा तो मला टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा आणि माझ्या कुशीवरचे तीन स्क्रू काढून मला उघडायचा. चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ओळीत मांडायचा. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने जुनं ग्रीस काढायचा, नवं लावायचा, तेही इतकं पातळ की बोटाने पुसलं तर जेमतेम दिसावं. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. दुसरा पडला तर फिरकी सुसाट सुटते आणि दोरीचा असा गुंता होतो की माणसाची अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. शेवटी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो सुईने तारीख कोरायचा, घड्याळांना करायचा तसंच. पाण्यावरून घरी आलो की आधी चांदणी सैल करायचा, कारण आवळून ठेवलेल्या चकत्या दबून बसतात. त्या वीस वर्षांत मी एकदाही अडलो नाही.

मग थोरला आजारी पडला. धाकटा रोज त्याच्या उशाशी येऊन बसायचा. हा केस कापायचा आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, पण भावासमोर तो नुसती त्याची चादर नीट करत राहायचा. एका सकाळी थोरल्याने मला शेवटचं उघडलं. अंथरुणात बसूनच त्याने सगळं नीट केलं आणि मला धाकट्याच्या ओंजळीत ठेवलं.

"आत्ताच सगळं केलंय," तो म्हणाला. "ग्रीस नवं आहे. बिनघोर वापर."

महिन्याभरात तो गेला. घड्याळजीच्या तोंडी 'आत्ताच' या शब्दाचा अर्थ एक वर्ष, फार तर सव्वा. धाकट्याने मात्र तो जन्मभरासाठी धरून ठेवला.

धाकटा वाईट माणूस नाही. उलट माझ्यावर त्याच्याइतकं प्रेम कुणीच केलं नसेल. पण त्याचा सगळा धंदा बाहेरून नीटनेटकं करण्याचा. तो मला रोज पुसायचा, दाढीच्या ब्रशने माझ्या खाचा झाडायचा, शिकेकाई लावल्यासारखा चमकवायचा. गिऱ्हाइकांना दाखवून म्हणायचा, "बघा, कालच घेतल्यासारखं दिसतंय की नाही?" दिसत होतो, त्यात खोटं काही नव्हतं. आत मात्र ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं झालं होतं आणि त्यात बारीक रेती अडकली होती. आणि तो मला पेटीत ठेवायचा तो चांदणी करकचून आवळून, कारण काहीही सैल राहिलेलं त्याला आवडत नाही.

दुसऱ्या वर्षी बांधाच्या टोकाला एक मोठा मिशावाला मासा लागला. तिथे पाण्याखाली एक खोल खड्डा आहे आणि वरचे दगड उतरते, शेवाळलेले आहेत. मासा पळाला. माझ्या चकत्यांनी घसरायला हवं होतं, त्या घसरल्या नाहीत. धाकटा दोन्ही गुडघ्यांवर आपटला आणि पाण्याकडे सरकत गेला. जुनी दोरी तट्कन तुटली म्हणून तो दगडावरच राहिला. पोहणं त्याला जेमतेम येतं. घरी आल्यावर तो गुडघे धूत मासा केवढा होता तेच सांगत राहिला.

त्याची बायको शिवणयंत्रं दुरुस्त करायची. गल्लीत सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. पुढच्या खोलीत नेहमी दोन-तीन यंत्रं पोटं उघडून पडलेली असायची. नुसत्या आवाजावरून ती कुठला भाग कोरडा पडलाय ते सांगायची. तिने माझं हँडल दोनदा फिरवलं आणि कान लावला.

"अहो, याचा आवाज येतोय."

"गातंय ते," धाकटा म्हणाला.

"गात नाहीये, दात खातंय. उघडून बघू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

धाकट्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं तो चिडेल. तो रडला.

"आत दादाने भरलेलं ग्रीस आहे," तो म्हणाला. "त्याने हाताने केलेलं एवढंच राहिलंय माझ्याकडे. ते पुसून टाकायचं? तूच सांग."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, भर दुपारी, तो दुकानात असताना तिने मला पेटीतून काढलं. दार आतून लावून घेतलं. तीन स्क्रू सोडवले. एकेक चकती रॉकेलमध्ये धुतली, घट्ट झालेलं ग्रीस चिंधीवर काढून घेतलं. ती चिंधी मात्र तिला लगेच टाकवेना. तीन दिवस तिने ती खिडकीत ठेवली होती. झाकण बंद करण्याआधी तिने थोरल्याच्या तारखांची ओळ बोटाने चाचपली, आणि मग सुई घेऊन तिच्याखाली आपली एक तारीख कोरली. मिस्त्री माणसाला केलेलं काम नोंदवल्याशिवाय चैन पडत नाही. तिने तारीख कोरली आणि लगेच दाराकडे पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याने खड्ड्यातून मोठा मासा काढला. मी सरसर दोरी सोडली, थांबलो, पुन्हा सोडली. तो दगडावर पाय रोवून ताठ उभा होता. घरी येऊन त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे असा पाहू लागला, जणू पैज जिंकून आलाय.

"बघितलंस? आणि तू म्हणे उघडू या. दादाचं ग्रीस आहे ते, दादाचं."

"हो, हो," ती म्हणाली, "चुकलंच माझं."

आणि ती हसली. मित्रांनो, ते हसू त्या वेळी मलाही फार आवडलं होतं. आज त्याची आठवण झाली की मला भीती वाटते.

अशी अकरा वर्षं गेली. दरवर्षी एक मंगळवार, एक बंद दार, एक तारीख. त्याने मला आवळून ठेवलं की त्याची पाठ वळताच ती चांदणी सैल करायची. तो दरवर्षी गिऱ्हाइकांना सांगायचा की आमच्या दादाने भरलेलं ग्रीस आजही जसंच्या तसं आहे. आणि दरवर्षी त्याची त्यावरची श्रद्धा आणखी पक्की होत गेली. ती पक्की करत होती मिस्त्रीणबाईच, आपल्या हातांनी. मी हे पाहत होतो. वाटायचं, एकदा तरी ती त्याला सांगेल. पण सांगायला चांगला दिवस सापडत नसावा. तो आनंदात असला की तिला त्याचा आनंद घालवायचा नसायचा, आणि उदास असला की त्यात भर घालायची नसायची.

मग तीही अंथरुणाला खिळली. दवाखान्यात तिने त्याला सांगितलं, "ते रीळ आणा एकदा." दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला तो मला घेऊन गेला, चकाचक करून. तिने मला मांडीवर घेतलं. हँडल फिरवलं, चांदणी चाचपली, मग मला कानाशी नेलं. त्या वर्षीचा मंगळवार हुकला होता.

"अहो, ऐका ना. याचं एक सांगायचं राहिलंय."

"याचं काय सांगतेस?" तो तिचा हात धरून म्हणाला. "हे आहे म्हणून मी आहे. दादा गेला तेव्हा वाटलं होतं, संपलं सगळं. पण दर सोमवारी याला हातात धरलं की वाटतं, आहे तो अजून. आता तू बरी हो, म्हणजे झालं."

तिने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांग बाई, सांग. तिने मला परत त्याच्या हातात दिलं.

"जपून वापरा," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर आठ दिवसांत ती गेली. तिचं शेवटचं सांगणं तो अक्षरशः पाळतो. आधी मला दिवसातून एकदा पुसायचा, आता दोनदा पुसतो. चांदणी आधी आवळायचा, आता आणखी आवळतो. गेल्या चार वर्षांत माझे तीन स्क्रू कुणी सोडवलेले नाहीत. तिने लावलेलं ग्रीस मेण झालं, मेणाचा डिंक झाला. चकत्या एकमेकींना धरून बसल्या आहेत. आता त्या कुणासाठीही घसरणार नाहीत.

या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने त्याला नवी दोरी भेट दिली. बारीक, विणलेली, माणूस लोंबकळला तरी तुटणार नाही अशी. त्याने मोठ्या हौसेने ती माझ्या फिरकीवर भरली. पूर्वी मी अडलो तर निदान दोरी तरी तुटायची. आता तीही तुटणार नाही.

गेल्या सोमवारी एक मध्यम मासा लागला. त्याच्या पहिल्याच हिसक्याला काठी धाकट्याच्या हातातून सुटली. तो पोटावर पडला आणि काठीची मूठ पाण्यात जाता जाता त्याने पकडली. गळ निसटून मासा गेला. तो दगडावर बसून राहिला, मला छातीशी धरून धापा टाकत. मला वाटलं, आता तरी याला कळेल.

"आज दादाला घालवून बसलो असतो मी," तो म्हणाला.

त्याच दिवशी घरी येऊन त्याने दुकानातला वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा घेतला. त्याचं एक टोक काठीला बांधलं. दुसऱ्या टोकाला मिस्त्रीणबाईच्या यंत्रावर चार-चार वेळा शिलाई मारून कडी बसवली. ती कडी त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकते. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिलं, आणि समाधानाने मान हलवली. ते यंत्रही कोरडं पडलंय. शिवताना ते जे ओरडत होतं ते ऐकायला घरात आता कोणी नाही.

आत्ता तो खिडकीशी बसून मला पुसतो आहे. मऊ फडकं आहे, त्याचा हातही मऊ आहे. पुसता पुसता तो माझ्याशी बोलतो.

"दादा, उद्या खड्ड्यापाशीच बसू. गेल्या खेपेला तिथे पाणी केवढं ढवळलं होतं, पाहिलंस ना? मोठा आहे कोणीतरी."

मीही पाहिलं होतं. मोठाच आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या गोष्टी ऐकवून झाल्या की शेवटी तुम्हाला काळजी घ्या, जपा, असं सांगण्याची रीत आहे. मला तो शब्द आता उच्चारवत नाही. मी दुसरंच मागतो. तुमच्या घरात कोणी एखादं काम गुपचूप करत असेल, दुसऱ्याच्या मनासाठी, तर त्या माणसाला सांगा की ते निदान एकदा सगळ्यांसमोर कर. नाहीतर ते करणारं माणूस गेलं की मागच्यांना काय बंद पडलंय तेही कळत नाही.

आणि तुमचे केस कापणारा माणूस जर सोमवारी मासे धरायला जात असेल, तर त्याला आजच गाठा. रीळ शेवटचं कधी उघडलं होतं, विचारा. तो कौतुकाने म्हणेल, उघडायची गरजच नाही, दादाचं ग्रीस आहे. त्याच्या हो ला हो करू नका. त्याला खुर्चीवर बसवा, हातात स्क्रूड्रायव्हर द्या आणि झाकण काढेपर्यंत जवळून हलू नका. आत पाहिल्यावर त्याला फार वाईट वाटेल. तो रडेल, कदाचित सबंध दिवस रडेल. त्याला रडू द्या. सोमवारी घरी बसून रडलेला माणूस मंगळवारी दुकान उघडतो.