घोड्याची उरलेली चाकं

मित्रांनो, रंगांच्या डब्याशेजारी पडलेला हा करडा, खरवडलेला तुकडा म्हणजे मी. लिनोचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जाडसर लिनोलियमचा, चित्रं छापायचा ठसा. माझे भाऊबंद कुठल्या कुठल्या खोल्यांत जमिनीवर अंथरले गेले, लोकांच्या पायाखाली झिजले. माझं नशीब थोर, मी एका आईच्या हाती पडलो.

ती संग्रहालयात जाऊन जुन्या वस्तू कागदावर उतरवायची आणि घरी येऊन त्यांचे ठसे कोरायची. एकदा लेकीलाही सोबत घेऊन गेली. घरात सगळे त्या लेकीला भिंगरीच म्हणत. तिथे काचेच्या पेटीत मातीचा एक खेळण्यातला घोडा होता. त्याचं पुढचं चाक केव्हाच हरवलेलं.

"आई, हा चालणार कसा गं?"

"दमलाय बिचारा. बसू दे की त्याला."

"काही नको! तू लाव त्याला चाक."

म्हणून माझ्यावर जो घोडा आला, त्याला दोन्ही चाकं होती.

थंडीत मी कडक होतो, पातं अडकतं. त्यामुळे कोरण्याआधी आई मला मांडीवर घेऊन ऊब द्यायची. भिंगरीचा नुसता जळफळाट व्हायचा.

"त्याला बरं मांडीवर घेतेस!"

"तो तुझ्यासारखी चुळबुळ करत नाही ना!" असं म्हणत आई तिलाही ओढून घ्यायची. मग आम्ही दोघंही एकाच मांडीवर.

आईची रीत अशी, की आधी पिवळा रंग लावून मला सगळ्या कागदांवर उमटवायचं. मग जिथे पिवळा राखायचा तिथे मला कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर तांबडा छापायचा. पुन्हा कोरायचं आणि शेवटी काळा. दर रंगाला मी थोडा थोडा संपत गेलो. कागदावर घोडा पुरा झाला तेव्हा माझ्या अंगावर उरलं काय? एक डोळा अन् दोन चाकं.

चित्रांचं फार कौतुक झालं. संग्रहालयाच्या दुकानातून ती अनोळखी लोकांच्या घरी गेली. एक तेवढं भिंगरीसाठी राहिलं.

पुढे आई आजारी पडली, आणि गेली. भिंगरी ते चित्र उशीखाली घेऊन झोपायची. घड्या पडल्या, रंग उडाले, आणि एका सकाळी तिच्या हाती नुसते तुकडे आले.

"रडू नको गं सोन्या," बाबा म्हणाले. "ठसा आहे ना! हवे तेवढे घोडे काढू."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, नका तिला आशा लावू! पण ठशाला कुठलं तोंड?

बाबांनी माझ्यावर बचकभर काळा रंग फासला, वर कागद ठेवला आणि तळहातानं घासायला घेतलं.

"एवढा नाही, बाबा! आणि हातानं नाही, चमच्याच्या पाठीनं घासायचं. आई गोल गोल घासायची."

कागद उचलला. पांढऱ्याशुभ्र कागदावर एक डोळा आणि दोन चाकं.

"बाबा, घोडा कुठंय?"

बाबांनी कागद उलटा करून पाहिला, मग ठसा पाहिला. शेवटी भिंगरीनंच पुढच्या चाकावर बोट ठेवलं.

"हे माझं चाक. आईनं मला लावून दिलेलं."

तो कागद आता भिंतीवर आहे. मित्रांनो, कोरून गेलेलं परत येत नाही. मला ते जमलं नाही, कुणालाच जमणार नाही. पण जे उरलंय ते धुऊनपुसून ठेवा, त्याच्यावर रंग वाळू देऊ नका.

थंडी पडली की भिंगरी मला मांडीवर घेऊन बसते. माझ्यावर कोरायला आता काही उरलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी घेते.