सैल कोपरा

जाळी धरून ठेवणारी रबराची पट्टी पिंजऱ्याच्या चौकटीच्या खाचेत हातातल्या छोट्या चाकानं दाबत दाबत धाकटी शेवटच्या बाजूच्या टोकाशी आली आणि थांबली. खाली, मागच्या कोपऱ्यात, वीतभर पट्टी उरली होती. ती तिनं खाचेवर नुसती ठेवली, बोटानं सारखी केली आणि चाक पिशवीत टाकलं. लांबून बघणाऱ्याला जाळी चारही बाजूंनी ताणून बसलेली दिसली असती. आतून एखाद्या नखानं जोर केला असता, तर तो कोपरा पानासारखा दुमडला असता.

खिडक्यादारांना डासांच्या जाळ्या बसवायचं काम ती नवऱ्याच्या माघारी एकटीनं करत होती. तिच्या हातची जाळी सैल निघाली, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"झालं का गं?" मोठ्या जावेनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"होत आलं, ताई."

दोघींची घरं पाठीला पाठ लावून उभी होती आणि मधलं अंगण सामाईक होतं. मोठीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला गेला, तेव्हा मागे एक काचेची पेटी ठेवून गेला. पेटीत एक परदेशी जातीचा सरडा होता. अंगावरचे रंग बदलायचा, दोन डोळे दोन दिशांना फिरवायचा, आणि चालताना वाऱ्यावरच्या फांदीसारखा पुढेमागे झुलत पाऊल टाकायचा. मुलगा गेल्यापासून तो काळवंडत चालला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचेत कोंडलेली हवा याला सोसत नाही, उघड्यावर जाळीचा मोठा पिंजरा करा, आत झाडं ठेवा, ऊन लागू द्या. जाळीचं काम करणारी घरातच होती. मोठी विचारायला आली, तेव्हा दारात उभ्या उभ्या पदराशी चाळा करत होती.

"करते की," धाकटी म्हणाली होती. "त्यात काय एवढं."

ती इतक्या चटकन हो म्हणाली, की मोठी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली होती.

भुऱ्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. भुऱ्या म्हणजे धाकटीचा कुत्रा. नवऱ्यानं खिशात घालून आणलेलं पिल्लू, नवरा गेल्यावर तिच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलेला म्हातारा. धाकटी ऑपरेशनसाठी दवाखान्यात राहिली आणि टाके काढून घरी आली, तेव्हा उंबरा रिकामा होता. त्याचं खाण्याचं भांडं कुणीतरी घासून भिंतीशी पालथं घातलं होतं.

"चांगल्या घरी दिलाय गं," मोठी म्हणाली होती. "दिवसभर विव्हळायचा. यांचा डोळ्याला डोळा लागेना. तुझी तरी कुठं धड तब्येत होती?"

कुणाच्या घरी, ते तिनं सांगितलं नाही. पुन्हा विचारलं तर "आता कशाला तो विषय" म्हणाली. धाकटीनं गल्लीत विचारलं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. कुणीतरी टेम्पोतून नेला, एवढंच कळलं. मग तिनं विचारणं सोडलं. त्या दिवसापासून तिनं जावेशी एक शब्द वावगा काढला नाही. ताई म्हणायची, वाटीची परतफेड वाटीनं करायची, आजारपणात डोकं चेपून द्यायची. फक्त रोज पहाटे हात जोडून सगळ्यांसाठी मागणं मागताना तिची जीभ एका नावावरून पुढे सरकायची. पिंजऱ्याचं काम हातात आलं त्या पहाटे तिनं देवाला हळूच सांगितलं, एवढ्या एका गोष्टीत तू मधे पडू नकोस.

मारायचं तिच्या मनात नव्हतंच. सरडा नुसता निघून जाणार होता. कुठं गेला म्हणून मोठीनं विचारलं असतं, तर उत्तर तयार होतं. गेला असेल चांगल्या घरी.

जाळीचं काम संपलं तशी मोठी पेटी घेऊन बाहेर आली. पेटीला तिनं जुन्या टॉवेलात गुंडाळलं होतं आणि हात शक्य तितके लांब धरले होते. मागून मोठे दीर पेपर काखेत मारून आले.

"सरड्याला बंगला," ते म्हणाले. "आणि आम्ही कधीपासून व्हरांड्याला जाळी मागतोय."

"तुम्हीपण बसा जाऊन आत," मोठी म्हणाली. "तेवढीच घरात शांतता. धाकटे, तूच काढ गं बाई याला. मला हात लावायला सांगू नको. चिरंजीव गेले आणि ही ब्याद माझ्या गळ्यात. उद्या नाहीसा झाला तर मी तर म्हणेन, सुटले."

धाकटीचा हात पेटीच्या झाकणावर होता. तो तसाच राहिला.

"असं काय म्हणता," ती म्हणाली.

"खरं तेच म्हणते."

धाकटीनं सरड्याला बोटावर घेतलं. त्यानं बोट चिमट्यासारखं धरलं, एक डोळा तिच्यावर आणि एक आभाळावर लावला. तिनं त्याला आतल्या झाडावर सोडलं. मग अंगणातली एक मोठी मातीची कुंडी ढकलत आणली आणि बाहेरून त्या कोपऱ्याला टेकवून ठेवली.

"ती कशाला?" दिरांनी विचारलं.

"सावलीला."

ब्याद गेल्यावर कुणी रडत नाही. थांबायला हवं होतं. थांबणं धाकटीला येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी पिंजऱ्याशी येऊ लागली. वाटीतलं पाणी याला कळत नाही, ताई, हा पानावरचा थेंब पितो. तिनं एका डब्याच्या बुडाला बारीक भोक पाडून तो छताला टांगला, थेंब पानावर कसा पडू द्यायचा ते दाखवलं. खायला नाकतोडा चिमट्यात कसा धरायचा ते दाखवलं. हात वरून नेऊ नका, वरून आलेलं सगळं त्याला घार वाटतं. खालून न्या, पोटाखालून, आणि वाट बघा, त्याला स्वतःहून चढू द्या. जे ती सांगायची ते सगळं खरं होतं. जीव लागायचा तर सवयीनं लागतो, हे तिला भुऱ्यानं शिकवलं होतं, आणि ती जावेच्या अंगी एकेक सवय रुजवत होती.

आधी मोठीनं नाक मुरडलं. मग चिमटा हातात घेतला. जीभ सुटून नाकतोडा पहिल्यांदा गडप झाला, तेव्हा ती दचकून मागे सरली आणि मग इतकी हसली, की दीर पेपर घेऊन बाहेर आले.

"माझ्या पानावर इतक्या कौतुकानं कधी वाढलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही रंग बदलून दाखवा, वाढते."

हळूहळू ती त्याला पाहुणा म्हणू लागली. पाहुणा आज हिरवागार आहे. पाहुण्याला वारा सोसत नाही, त्या बाजूला कापड लाव बरं. दुपारी ती पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून उशांचे अभ्रे शिवत बसायची आणि मुलाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची. मुलाचे फोन कमी झाले होते. फोन आलाच तर ती आधी पाहुण्याचं सांगायची आणि पलीकडून लवकर ठेवला गेला, तरी तिच्या लक्षात यायचं नाही.

धाकटी हे सगळं बघत होती. दूध उतू जायच्या आधी बाई जशी शेगडीपाशी उभी राहते, तशी ती उभी होती. कधी कधी सकाळच्या उन्हात दोघी पिंजऱ्यापाशी न बोलता उभ्या राहायच्या, पानावर थेंब पडायचा, सरडा मान तिरकी करून तो प्यायचा, आणि आपण इथं कशासाठी उभ्या आहोत, याचा धाकटीला विसर पडायचा. मग तिची नजर कुंडीकडे जायची आणि ती पिशवी उचलून कामावर निघायची.

बहिणीकडच्या लग्नाला जायचं मोठीनं टाळलं, तेव्हा दीर खरंच चिडले. सरड्यासाठी सख्ख्या भाचीचं लग्न चुकवणारी ही जगातली पहिलीच, असं म्हणून ते एकटेच गेले. त्या संध्याकाळी मोठी अंगणात बसली होती. पाहुणा तिच्या मनगटावर होता, फिकट पोपटी, डोळे मिटून.

"मला हल्ली भीतीच वाटते बघ," ती म्हणाली. "याला काही झालं, तर मी काय करू गं?"

धाकटीनं कुंडीकडे बघितलं. तिच्या छातीत काहीतरी जागच्या जागी बसलं, खाचेत पट्टी बसावी तसं. याच एका वाक्यासाठी ती इतके दिवस पानावर पाणी टाकत आली होती.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. मोठी आत होती, नळ सुरू असल्याचा आवाज येत होता. धाकटीनं कुंडीला दोन्ही हात लावले आणि ती बाजूला सरकवली. मग गुडघ्यावर बसून तिनं कोपऱ्यातल्या पट्टीत नख घातलं.

पट्टी हलली, पण जाळी हलली नाही.

ती खाली वाकली. चौकटीच्या खांबाला वेढे देत, जाळीच्या घराघरातून ओवत, कुणीतरी कोपरा जाड दोऱ्यानं शिवून टाकला होता. टाके एकाला एक लागून होते. गाठी आतल्या बाजूला वळवल्या होत्या, नखं अडकू नयेत म्हणून. दोरा नवा नव्हता. पाण्यानं आणि उन्हानं त्याचा रंग पार उडाला होता, आणि खालच्या टाक्यांवर हिरवट शेवाळ धरलं होतं.

नळ बंद झाला. मोठी पाण्याचं भांडं घेऊन दारात आली, सरकवलेली कुंडी बघितली आणि पायरीवरच थांबली.

"कधी शिवलंत?" धाकटीनं विचारलं. मान वर केली नाही.

"पिंजरा झाला त्याच आठवड्यात. कुंडीखाली मुंग्या झाल्यात का बघायला गेले होते."

"मला विचारलं नाहीत."

"काय विचारू? तुझ्या हातून काही सैल राहतं का कधी?" मोठीनं भांडं पायरीवर ठेवलं. "कळलं मला. बसून शिवलं. म्हटलं, बोलले तर उद्यापासून येणार नाहीस."

"आणि मी रोज येत राहिले ते कशासाठी, तेही कळलं होतं?"

"कळलं होतं." मोठीनं पिंजऱ्याकडे बघितलं. "मीही चार दिवस तोंडापुरतं बरं वागायचं ठरवलं होतं. मग हे जनावर असं जीव लावणारं निघालं. त्याला मी काय करू?"

धाकटीनं पिशवीतून कात्री काढली. मोठीनं ती बघितली. तिचा चेहरा उतरला, पण ती पायरीवरून हलली नाही.

"सोडायचा तर आत्ता सोड," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत सोड. माझ्यामागे नको. मी तुझ्यामागे केलं, ते मला पुरलंय."

कात्री चालली. टाके एकामागून एक सुटत गेले, शेवाळलेला दोरा मातीवर पडला. धाकटीनं पट्टी ओढून काढली. जाळीचा कोपरा बाहेर वळला. आत, झाडाच्या खालच्या फांदीवर, सरड्यानं एक डोळा त्या भोकाकडे वळवला. मग एक पाऊल उचललं, झुलला, ठेवलं. पुन्हा उचललं.

मोठीनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते. ओठ घट्ट मिटलेले होते. वर्षभराहून जास्त धाकटीनं हाच चेहरा डोळ्यांपुढे आणला होता, भांडी घासताना, शिडीवर उभं राहून जाळ्या ताणताना. आता तो तिच्यासमोर होता आणि तिला वाटलं होतं त्याहून म्हातारा होता.

सरडा फांदीच्या टोकाशी आला. त्यानं पुढचा पाय चौकटीवर टाकला.

धाकटीनं तळहात जाळीवर ठेवला आणि कोपरा आत दाबून धरला. सरड्यानं पाय मागे घेतला. त्याच्या अंगावर काळे पट्टे उमटले.

मोठीच्या तोंडून श्वास सुटला. ती धावत खाली आली, पिशवीत हात घालून चाचपडू लागली. "कुठलं देऊ? हे चाक का? ही पट्टी?"

"काही नको," धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "बसा, ताई."

"अगं, पण..."

"बसा. टेम्पो कुणाचा होता?"

मोठीच्या हातात चाक होतं. ते धरूनच ती खाली मातीत बसली.

"चांगलं घर नव्हतं ते," ती म्हणाली. "त्या माणसाला मी ओळखतसुद्धा नव्हते. गोदामावर राखणीला पाहिजे म्हणाला. भुऱ्या चढायलाच तयार नव्हता टेम्पोत, तेव्हा मी..."

"तिथून नको." धाकटीनं दुसरा हातही जाळीवर टेकला आणि पाय मुडपून नीट बसली. "मी दवाखान्यात गेले, तिथून सांगा. तो खात होता का, कुठं बसायचा, सगळं. घाई नाही. माझे हात दुखत नाहीत."