धाकटीचं पाणी

सकाळी शेगडीवर पहिलं पातेलं चढायचं ते धाकटीच्या पाण्याचं. चहा नंतर, बाकीचं जग त्याच्याही नंतर. पाणी खळखळा उकळू लागलं तरी आजी शेगडीपासून हलायची नाही. एक उकळी आली म्हणजे झालं, हे तिला पटतच नसे. पाणी चांगलं अर्ध्यावर आलं पाहिजे, मग स्वच्छ फडक्यातून गाळायचं, निववायचं आणि त्यात दुधाची पावडर कालवायची. वस्तीतल्या बायका तिला ‘उकळीबाई’ म्हणत.

“काय हो उकळीबाई, पाहुण्यालासुद्धा उकळून घेता का?” शेजारची शिंपीण कुंपणापलीकडून विचारायची.

“तू ये तर खरी, दोनदा उकळते,” आजी म्हणायची.

सूनबाईला जुळ्या मुली झाल्या होत्या. थोरली थोडीशी आधी आलेली, पण अंगाने एवढीशी, म्हणून आईचं दूध तिला. धाकटी गुटगुटीत आणि महाखादाड. दोघींना दूध पुरेना, तेव्हा धाकटी बाटलीवर गेली, म्हणजे आजीच्या ताब्यात गेली. बाटली दिसली की पोर दोन्ही पाय झाडायची. आजीने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. मुलगा शहरातल्या कारखान्यात होता, सुट्टीला येई, आणि धाकटी त्याच्याकडे जाईना की म्हणे, “आई, ही माझी मुलगी आहे की तुझी?”

पाणी घरच्याच विहिरीचं. आजोबा गवंडी, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. अंगणातली ती विहीर त्यांनी स्वतः बांधून काढली होती, एकेक दगड निवडून. वरच्या वस्तीतलं घर न् घर तिथेच पाणी भरायचं आणि मिस्त्री काठावर बसून रामराम घ्यायचे. विहिरीला कोणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. गोठा विहिरीला लागून होता, शेणाचा खड्डा त्याच्यामागे. पण पाणी आरशासारखं स्वच्छ दिसायचं, मग कोण कशाला बोलतंय?

उतारावर खाली, रस्त्याच्या कडेला दुसरी वस्ती होती. तिथे खोल बोअर होतं, त्यावर हातपंप. पण त्या माणसांच्या हातचं पाणी वरची माणसं पीत नसत. का, ते एकालाही सांगता यायचं नाही. ‘पहिल्यापासून आहे,’ एवढंच उत्तर. आणि मौज बघा, मिस्त्रींची ही विहीर खणली होती त्याच खालच्या माणसांनी! खणताना त्यांचा घाम आत पडला तो चालला. पाणी लागल्यावर मात्र त्यांनी काठाला शिवायचं नाही, लांब उभं राहून ओंजळ करायची आणि वरून कोणी ओतेल ते प्यायचं. शहाणपणाच्या गप्पा मारणारे लोक आपण, पण असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

एके दिवशी आंघोळ घालताना धाकटीचे ओठ आजीला काळसर वाटले. गारठली असेल म्हणून तिने पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी नखंही जांभळट दिसली. पोर दूध प्यायची, पण मध्येच धापा टाकून थांबायची. आता ती पाय झाडत नव्हती.

“पाण्यातच काहीतरी असेल,” आजी सुनेला म्हणाली. आणि तिथे तिचं अगदी बरोबर होतं, हेच तर दुर्दैव. तिने पातेलं घासूनपुसून लख्ख केलं आणि पाणी अर्ध्यावर नाही, पावपर्यंत आटवलं. जेवढी काळजी जास्त, तेवढी आच मोठी. दूध तेवढं नेमाने पाजलं, स्वतःच्या हाताने, मांडीवर घेऊन.

शेवटी पोर निळी पडली तेव्हा शिंप्याच्या गाडीवरून सासू-सुना दवाखान्यात धावल्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीला घेतलं, सुया टोचल्या, नळ्या लावल्या. औषध होतं, पण त्याची वेळ निघून गेली होती. दुपार कलायच्या आत धाकटी गेली.

“पाणी कुठलं देत होता?” नंतर त्यांनी विचारलं.

“घरच्या विहिरीचं. पण उकळून हो, बाई! अर्ध्यावर आणायची मी. शेवटी तर आणखी आटवलं.”

डॉक्टरीणबाई आजीजवळ येऊन बसल्या. मग आजीचा हात धरून त्यांनी सांगितलं. शेणाच्या खड्ड्यातून, शेतातल्या खतातून एक क्षार झिरपत झिरपत विहिरीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू पुढे सरकत नाही. “उकळून जंतू मरतात, आजी. हा मरत नाही. पाण्याची वाफ होते, हा पातेल्यातच राहतो. जितकं आटवाल तितका वाढतो.”

आजीने हात सोडवून घेतला आणि पदराखाली लपवला. घरी पोचेपर्यंत तिने तो बाहेर काढला नाही.

पोरीला माती देऊन मंडळी पांगली तेव्हा तिने मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ज्याला माहीत नसतं तो म्हणतो, ‘अगं, असं कसं होईल?’ मिस्त्री तसं म्हणाले नाहीत. ते भिंतीकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात आजीला नवऱ्याची पाठसुद्धा वाचता येत होती.

“अहो, तुम्हाला ठाऊक होतं?”

“गेल्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तपासणारी एक मुलगी आली होती,” मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. “म्हणाली, तान्ह्यांना हे देऊ नका. खालच्या पंपाचं चांगलं आहे, तिथून आणा.”

“मग?”

“मग काय! खालच्यांच्या दारात पाण्याला जायचं? आपण? आणि तेव्हा घरात तान्हं होतं कुठे?”

“नंतर झालं ना! एक नाही, दोन झाल्या!”

मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “मला वाटलं, तू उकळतेस ना. उकळलेल्या पाण्याला काय होतंय…”

म्हणजे नवरा तिच्या उकळण्यावर निर्धास्त, आणि ती त्यांच्या विहिरीवर! दोघांच्या मधोमध पोर गेली. आजीने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. सून धावत आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडून ओरडून रडल्या.

दुःख एकटं येत नाही म्हणतात. सुनेने अंथरूण धरलं, अन्नाचा कण पोटात जाईना, आणि तिचं दूध आटलं. थोरली छातीशी लुचायची, हाती काही लागलं नाही की टाहो फोडायची. आता थोरलीलाही बाटली द्यावी लागणार होती. पावडरीचा डबा फळीवर तसाच होता. प्रश्न पाण्याचा होता.

“अंधार पडू दे,” मिस्त्री म्हणाले. “मी कॅनमध्ये खालून आणतो. कोणाला कळणार नाही. मग आपला मुलगा पाण्याच्या बाटल्या पाठवेलच शहरातून.”

“आणि शिंपिणीच्या सुनेला दिवस भरत आलेत, तिला कोण पाठवणार?”

आजीने कळशी घेतली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, उतार उतरू लागली.

पंपावर बायकांची रांग होती. वरची बाई कळशी घेऊन आलेली पाहून सगळ्यांनी माना वळवल्या. आयुष्यभर पाणी देणाऱ्या घरची ती, मागायचं कसं तेच तिला माहीत नव्हतं.

“नात भुकेली आहे,” ती म्हणाली. “पाणी… मिळेल का?”

सगळ्यात पुढची बाई विटा वाहणारी होती. कामाला आली की मिस्त्रींच्या अंगणात लांब उभी राहून ओंजळीने पाणी प्यायची ती हीच. तिने आपली घागर बाजूला सरकवली.

“आधी तुम्ही भरा, आजी. धाकटीचं कळलं आम्हाला. यायचं फार मनात होतं, पण दारापर्यंत यावं की नको, तेच कळेना.”

आणि पंप तिनेच मारला. आजी तिथेच चिखलात बसली आणि रडली. कोणी घाई केली नाही. निघण्याआधी तिने ओंजळ पुढे केली, त्या बाईने वरून पाणी ओतलं आणि आजी ते प्यायली.

परतीच्या चढावर शिंपीण कुंपणाशी उभी होतीच. “उकळीबाई, हे कुठलं पाणी? बाटलात की हो! म्हातारपणी ही काय अवदसा?”

“माझी नात आपल्या विहिरीच्या पाण्याने गेली!” आजी एवढ्या मोठ्याने म्हणाली की आजूबाजूची दारं उघडली. “मी पाजलं. या हाताने पाजलं. उकळून पाजलं तरी गेली. तुझी सून काय पाजणार आहे, ते बघ आता.”

शिंपिणीच्या मागे तिची सून पोटावर हात ठेवून उभी होती. ती हळूच म्हणाली, “आजी, उद्या खाली जाताना मला हाक मारा.”

“घरात हो आधी!” शिंपीण करवादली. सून जागची हलली नाही.

थोरली पोटभर दूध प्यायली आणि आजीच्या मांडीवर झोपली. ओठ गुलाबी होते, आजीने पुन्हा पुन्हा वाकून पाहिले. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले.

“जरा हळू बोलायचं होतंस,” ते म्हणाले. “सगळ्या वस्तीसमोर…”

“तुम्ही गप्प राहिलात, धाकटी गेली,” आजी म्हणाली. “आता मी ओरडणार.”

तिने थोरलीला त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर, मिस्त्रींच्या रोजच्या जागी बसली. संध्याकाळी माणसं पाण्याला येऊ लागली. कोणी नजर चुकवली, कोणी ‘म्हातारीचं डोकं फिरलंय’ म्हणून पुटपुटलं. पण ज्याने ज्याने घागर सोडायला दोर हातात घेतला, त्याला तिने आधी हेच विचारलं, “घरात तान्हं आहे का?”