खालच्या धक्क्यावरची गाडी

विल्डाने लाइफ जॅकेटच्या खिशाची चेन पुन्हा उघडली आणि आत बोटं घातली. रुमाल होता, ओठांना लावायचं मलम होतं. चावी नव्हती.

"लागला!" मागून डेन्झिल ओरडला आणि होडी एका अंगाला कलली. "वल्हं धर, विल्डा! दगडात घुसतोय लेकाचा!"

तिने वल्हं पाण्यात रोवलं. मासा उसळून वर आला, चांगला हातभर लांब, तांबूस पाठीचा स्मॉलमाउथ. हवेत एक हिसडा देऊन त्याने गळ झटकून टाकला आणि डोहात दिसेनासा झाला.

"गेला! पण उडी पाहिलीस का त्याची?"

"पाहिली," ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं.

चावी होती खालच्या धक्क्यावर उभ्या केलेल्या गाडीची. ग्रीनब्रायर नदीवर मासे धरणाऱ्यांचा शिरस्ताच आहे तो. सकाळी एक गाडी खाली ठेवायची, दुसरीत होडी घालून वरच्या धक्क्यावर जायचं आणि दिवसभर नदीबरोबर वाहत खाली यायचं. खालच्या गाडीची चावी वरच्या गाडीत विसरणारा माणूस या खोऱ्यात वर्षभर चेष्टेचा विषय होतो. दरवर्षी कोणीतरी विसरतंच. विल्डा मात्र कधी विसरली नव्हती. चावी सांभाळायचं काम तिचं.

आणि विसरायचा दिवस तरी कोणता! दोघांचेही फोन त्याच खालच्या गाडीच्या खणात होते. दरीत रेंज नसते, ती खालच्या पुलापाशी येते. तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळच्या आत येईल, डॉक्टर स्वतः फोन करतील, असं नर्सने सांगितलं होतं. आज शुक्रवार होता. नंतर दवाखाना उघडणार तो थेट सोमवारी.

डेन्झिल सकाळपासून शिट्टी वाजवत होता. गळाला दर वेळी सिकमोरचं पिवळं पान अडकून येत होतं आणि दर वेळी तो म्हणत होता, "हा बघ, आणखी एक. तळून खायचा का?" पहिल्यांदा ती हसली होती. आता त्याचा आवाज ऐकला तरी तिच्या डोक्यात तिडीक जात होती. याची बायको रिपोर्टची वाट बघतेय आणि याला पानांचे विनोद सुचतायत. याला काही वाटतं की नाही?

दुपारी वाळूच्या पट्ट्यावर होडी ओढून त्यांनी पेपरोनी भरलेले पाव खाल्ले. म्हणजे त्याने खाल्ले. तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"डेन्झिल," ती म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. मोहरीचा सॉस दे इकडे."

सांगितलं तर तो म्हणणार, डोकं ठिकाणावर नाही तुझं. आणि आज ते खरं होतं. महिनाभर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतंच. मग ती पुढच्या प्रत्येक वळणावर नुसती उन्हाकडे बघत राहिली. ऊन डोंगराच्या अंगावर वर वर सरकत होतं. डेन्झिल मात्र प्रत्येक डोहात थांबत होता, एकेका दगडामागे चार चार वेळा गळ टाकत होता.

अखेर पूल दिसला. धक्क्यावर त्यांची गाडी उभी होती. नारिंगी टोपीवाला एक म्हातारा तिथेच काठावरून गळ टाकत होता. होडीचं नाक रेतीला टेकलं तसं विल्डाने श्वास घेतला.

"चावी वर राहिली. माझ्याकडून. खिशात ठेवल्यासारखं आठवतंय, पण नाहीये."

डेन्झिल ओरडला नाही. हसलाही नाही. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "वरच्या पिकअपमध्ये आहे. माझ्या सीटखाली."

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या हातात जॅकेट देताना मीच काढली."

तेवढ्यात गाडीतून फोनचा आवाज आला. बंद काचांमधून, बारीक. तो वाजत राहिला. दोघंही जागच्या जागी ऐकत राहिले. मग तो थांबला.

"गाठ माझ्या छातीत आहे," विल्डा म्हणाली. "हा फोन माझ्यासाठी होता."

"माहितीय."

"मग?"

"मला फक्त सोमवारपर्यंत हवं होतं. दोन दिवस नदीकाठच्या केबिनमध्ये राहायचं, रोज नदीवर यायचं. अजून काही झालेलं नाही, असे दोन दिवस." तो रॉडचं रीळ उगाचच फिरवत होता आणि दोरा गुंतत चालला होता. "सकाळपासून जीव नुसता मुठीत धरून बसलोय गं."

तिला त्याचा भयंकर राग आला. हातातलं वल्हं त्याच्या टाळक्यात घालावं असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याची इतकी दयाही आली की तिचा तिलाच संताप आला. आजारी ती, आणि समजूत काढायची ती याची!

"काय हो, चावी वर राहिली ना?" म्हाताऱ्याने काठावरून विचारलं. "तुमच्या तोंडांवरच लिहिलंय! लाजू नका, गेल्या साली आमचीही राहिली होती. बायको अजून ऐकवते. चला ताई, माझ्या गाडीतून पटकन घेऊन येऊ. घाई नसेल तर मात्र आणखी थोडा वेळ गळ टाकतो. आत्ताशी कुठे लागायला लागलेत."

ऊन अजून शेंड्यांवर होतं. आत्ता निघालं तर दवाखाना बंद व्हायच्या आत चावी आणून फोन करता आला असता.

"जा तू," डेन्झिल खालच्या मानेने म्हणाला. "मी होडीपाशी थांबतो."

विल्डा होडीतून उतरली. गाडीपर्यंत गेली, काचेतून आत बघितलं. मग परत आली आणि होडीच्या काठावर, त्याच्याकडे पाठ करून बसली.

"चालू द्या तुमचं, दादा," तिने म्हाताऱ्याला सांगितलं. "निवांत."

म्हातारा खूश होऊन पाण्यात दोन पावलं पुढे सरकला. तो पुरेसा लांब जाईपर्यंत ती थांबली.

"सोमवारी फोन तू करायचास," ती म्हणाली. "आधी तू ऐकायचंस, मग मला सांगायचंस."

डेन्झिलने मान हलवली.

"मला दिसत नाहीये. तोंडाने बोल."

"हो," तो म्हणाला.