तिचं ती बघेल

समितीच्या खोलीतल्या खुर्च्या इतक्या मऊ होत्या की बसलं की माणूस रुततोच. वाईट बातमी सांगायच्या जागी खुर्च्या मऊच असतात, हे एव्हाना मला कळलंय. शेजारी सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

वंध्यत्व उपचार केंद्रात आमचा शेवटचा भ्रूण गोठवून ठेवलेला. नवरा गेला. आता तो भ्रूण माझ्या पोटात रुजवायचा, तर नियमाप्रमाणे नवऱ्याची जिवंतपणीची स्पष्ट संमती हवी, आणि ती होती का, हे ही समिती ठरवणार होती. मला ते मूल हवं होतं.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर? ते म्हणाले, 'तिचं ती बघेल.' आणि हसले. मीही हसले. पुन्हा विचारायचं राहून गेलं."

"ही संमती नव्हे," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"अहो, असं कसं?" सासूबाई उसळल्या. "आमच्याकडे यालाच हो म्हणतात! हिने विचारलं नोकरी सोडू का, तर तुझं तू बघ. भिंतीला पिवळा रंग देऊ का, तुझं तू बघ. हिच्याशी लग्न करतोस का, असं मी विचारलं, तेव्हाही तुझं तू बघ म्हणाला, आणि संध्याकाळी नवे बूट घेऊन आला!"

समितीतले एक डॉक्टर हसले, मग खोकल्यासारखं करून गप्प झाले. मला हसू आलं नाही, रडूही नाही. दात काढल्यावर गाल असतो, तशी मी सगळीच बधिर होते.

"समजतंय आम्हाला," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण गेलेल्या माणसाच्या बोलण्याचा अर्थ आम्ही लावायचा नसतो. तो नियम त्यांच्यासाठीच आहे."

त्यांचंही चुकत नव्हतं. चुकत असतं तर निदान भांडले असते. भांडणात मी कुणाला ऐकत नाही.

परवानगी नाकारली. आता एक तर भ्रूण नष्ट करायचा, नाहीतर संशोधनाला द्यायचा. तिथे तो थोडे दिवस वाढवतात आणि कायद्याची मुदत संपायच्या आत थांबवतात. अध्यक्षबाई 'थांबवतात' असंच म्हणाल्या, जशी काही बस आहे.

"मग संशोधनाला देताय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले.

"हो की नाही, ते तुम्हालाच सांगावं लागेल, ताई."

सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "हो म्हणतेय ती," त्यांनी समितीला सांगितलं.

मी हो म्हणत नव्हते.